काचेतलं तवसं

काकडीच्या वेलाला बोट दाखवायचं नाही, दाखवलंच तर वाकडं करून दाखवायचं, नाहीतर कोवळं फळ कुजून गळतं, हे विठाबाईला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या घरातल्या माणसांना ते ठाऊक नव्हतं, आणि तिच्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच होतं.

बारवी धरणाची उंची वाढली तेव्हा तिचा पाडा पाण्याखाली गेला. घराची कौलं आणता आली, अंगण आणता आलं नाही. पण निघताना कमरेला खोचून तिने एक डबी आणली होती. राखेत घोळवलेलं तवशाचं बी. तवसं म्हणजे पावसाळी काकडी, मनगटापेक्षा जाड, पिकली की पिवळीधमक. भाजीवाल्याकडची ती लिंबूटिंबू नव्हे. हे वाण तिला सासूने दिलेलं, सासूला तिच्या सासूने. गौरीच्या ताटात दुसरी काकडी कधी चढलीच नव्हती.

गेल्या साली टेरेसवर कुंडीत रुजवलेली रोपं कबुतरांनी खुडली, उरलेली माकडांनी ओरबाडली. डबीत राहिल्या पाच बिया. यंदा फळ धरलं नाही तर वाण बुडालं, इतका साधा हिशोब होता.

"आई, आपण टेरेसवर काचघर करू," सून सुहासिनी म्हणाली.

"कर की. आणि मलापण त्यात ठेव, लोणच्यासारखी."

सुहासिनी हसली आणि तिने बापाला फोन लावला. तिचे वडील महिपती उल्हासनगरला ॲल्युमिनियमच्या खिडक्या करायचे. जुन्या इमारतींतल्या सरकत्या खिडक्या टेम्पोत घालून ते दोन रविवार आले, ड्रिल मशीन घरघरवली, आणि टेरेसच्या कोपऱ्यात कपाटाएवढी खोली उभी केली, वर छताला पारदर्शक पत्रा.

विठाबाईने तिच्याभोवती एक फेरी मारली. "व्याहीबुवा, हे घर म्हणायचं की मासळीची काचेची पेटी?"

"तुम्ही म्हणाल ते, विहीणबाई. काय कमी आहे तेवढं सांगा."

"खिडक्या उघडल्या की उकाडा जाईल, पण मग कबूतर येईल, किडा येईल. सगळीकडे बारीक जाळी मारा. मुंगीसुद्धा आत शिरता कामा नये."

महिपतींनी लेकीकडे पाहिलं. लेकीने सासूचा चेहरा बघितला आणि बापाला मान डोलावली. जाळी बसली.

पाचातल्या दोन बिया रुजल्या. त्या दिवशी विठाबाईने चहात साखर दुप्पट घातली. वेल सुतळीवरून सरसर चढले, श्रावणात पिवळ्या फुलांनी भरले. काही फुलांमागे करंगळीच्या पेराएवढी काटेरी काकडी दिसायला लागली. विठाबाई सकाळ-संध्याकाळ आत जाऊन बसायची, वाकड्या बोटाने मोजायची.

तिसऱ्या दिवशी पहिली काकडी पिवळी पडली आणि गळली. मग दुसरी. मग तिसरी, चौथी.

"बोट कोणी दाखवलं?" तिने सगळ्यांना उभं केलं. सगळे म्हणजे मुलगा नरेंद्र आणि सून.

"आई, मी अंबरनाथला कंपनीत असतो दिवसभर," नरेंद्र म्हणाला. "माझं बोट मशीनवर असतं."

"मग राहिलं कोण?" तिने सुनेकडे पाहिलं. "उल्हासनगरच्या पोरीला काय कळणार वेल म्हणजे काय! तुमच्याकडे भाजी दुकानात उगवते."

"आई, ऐका ना. आत माश्या नाहीत म्हणून..."

"माश्यांचं नाव काढू नकोस! त्यांच्यासाठीच तर जाळी मारली."

गौरी यायला तीन आठवडे होते, आणि विठाबाईला घास जात नव्हता की काचघरात पाऊल टाकवत नव्हतं. आपण पाण्यातून वाचवून आणलेलं काचेत मेलं, असं तिच्या मनात सारखं यायचं.

त्या भांडणानंतर पाचव्या दिवशी सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर उठून टेरेसवर आली. बघते तर काचघरात सून स्टुलावर बसलेली, हातात पापण्यांना रंग लावायचा तो बारीक ब्रश, आणि ब्रशने ती फूल कुरवाळते आहे. दुसऱ्या हाताचं बोट सरळ, अगदी सरळ, काकडीला टेकलेलं.

"सटवे! हात काढ तो!"

सुहासिनी उठली नाही. "ओरडा आई, पण हळू. हात हलतो माझा."

पन्नास वर्षांत विठाबाईला असं कोणी बोललं नव्हतं. ती दारातच थबकली.

"हे बघा," सून म्हणाली, "ह्या फुलामागे काकडी आहे, ती बाई. ह्याच्यामागे नुसता देठ, तो बाप्या. त्याची पिवळी भुकटी हिला लागली तरच काकडी टिकते. बाहेर हे काम मधमाश्या करतात. आपल्याकडे आत कोण येणार?"

जाळी कोणाच्या हुकमाने बसली, हे ती बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती. विठाबाईला पाड्यावरचा मांडव आठवला. सकाळच्या पारी तिथे कशी गुणगुण असायची, आणि ती पदराने हाकलायची, 'चला, हटा.' ज्यांच्या जिवावर ताटं भरली त्यांना एवढी वर्षं ती हाकलतच आली होती.

"कधीपासून करतेस?"

"चार दिवस झाले. मोबाईलवर बघून शिकले. सांगितलं असतं तर तुम्ही हात लावू दिला असता?"

"नसताच दिला."

ती वाकली. वाळलेल्या फुलामागे एक काकडी होती, हिरवीगार, अंगठ्याएवढी. पलीकडे दुसरी. खाली पानाआड तिसरी. पिवळेपणाचं नाव नाही.

"सत्तर वर्षं तवशी खाल्ली," विठाबाई म्हणाली, "आणि त्यांची लग्नं लावणारा भटजी कोण, ते आज कळलं." मग हात पुढे केला. "दे तो ब्रश. मी काय अक्षता टाकायला बसले?"

तिने ब्रश जोरात दाबला, एक फूल मोडलं. सुहासिनीने तिचं मनगट धरलं. पुढचं फूल दोघींनी मिळून केलं.

गौरीच्या ताटात तवसं चढलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारायला लागल्या, बदलापुरात हे गावचं तवसं कुठून? विठाबाईने छाती पुढे काढली.

"आमच्या सुनेने पिकवलं. मी वेल गुदमरवत होते, हिने वाचवला."

सुहासिनीच्या हातातला पेढ्यांचा डबा तिरका झाला.

सगळ्यात मोठं तवसं वेलावरच ठेवलं होतं. चुकून कोणी तोडू नये म्हणून त्याला विठाबाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. ते पिकून पिवळं झालं, देठ सुकला, तेव्हा दोघींनी ते कापलं, बी धुतलं, काचघरातच ताटात वाळवलं. विठाबाईने मूठभर बी कागदात गुंडाळलं.

"हे तुझ्या बापाला. म्हणावं, मासळीच्या पेटीचं भाडं."

बाकीचं राखेत घोळवून डबीत भरलं, झाकण लावलं आणि डबी सुनेच्या हातात दिली.

"आई, ही तर तुमची..."

"मला सासू मेल्यावर मिळाली होती. तुला तेवढी वाट बघायला लावत नाही."

सुहासिनीने डबी उघडली. आत बघता बघता तिचे डोळे भरून आले.

"ए," विठाबाई म्हणाली, "रडायचं तर बाजूला जाऊन रड. राख भिजली की बी कुजतं."