ओळ खाली पडू नये म्हणून

आमच्या घरात एकटीने गाणं शक्य नाही, हे कळायला मला अख्खा हिवाळा लागला.

तसं बघायला गेलं तर सगळं जमून आलं होतं. माझा मुलगा आर्यन नोकरीसाठी पुण्याला गेला आणि मागे एक गिटार, एक भिंतभर कपाट आणि जोडीने कधीच न सापडणारे मोजे ठेवून गेला. गिटार मी व्हिडिओ बघून शिकले. बोटांना घट्टे पडले तेव्हा माझा नवरा कमलेश म्हणाला, "भांडी घासून कधी पडले नाहीत ते?" भांडी तो घासतो असं ऐकणाऱ्याला वाटावं, इतक्या अधिकाराने.

मग मी माइक आणला. आर्यनच्या खोलीतल्या कपाटाची दारं उघडी टाकली की आत लावलेल्या माझ्या साड्या खोलीतला घुमारा पिऊन टाकतात. खिडकीला गादी उभी केली की घोडबंदर रोडचे हॉर्न लांब जातात, तिकडे समुद्र असावा इतके लांब. पंखा बंद, दार बंद. मी, गिटार आणि घड्या घातलेले श्रोते.

आणि भिंतीपलीकडे कमळाबाई. माझ्या सासूबाई.

मी एक ओळ गायची आणि श्वासाला थांबायची. तेवढ्यात स्वयंपाकघरात वाल सोलता सोलता त्या ओळीचं शेपूट उचलायच्या.

"खाडीवरून वारा आला, दार उघडं होतं..."

"दार उघडं होतं..." भिंतीतून.

मोठ्याने नाही. पण माइक काही सासू-सुनेत भेद करत नाही. हेडफोन लावला की त्या तिथे असायच्याच, माझा पदर धरून मागून चालल्यासारख्या.

"आई, मी रेकॉर्डिंग करत होते."

"मंग कर ना. मी कुठं आडवली?"

"तुमचा आवाज येतो त्यात."

"तू ओल टाकलीस ना बाय? मंग कोनी झेलाला नको?"

सासर खाडीकाठच्या कोलशेतचं, आगरी; मी शहरातल्या नौपाड्याची. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी सासूबाईंचं निम्मं बोलणं मी चेहऱ्यावरून लावून घेते. हे मात्र पुरतं कळलं. भाताच्या खळ्यावर एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. न झेललेली ओळ कुठे जात नाही, असं त्यांना त्यांच्या आईने सांगितलं होतं. ती घरातच फिरत राहते, 'बस' असं कुणी न म्हटलेल्या पाहुण्यासारखी.

"ते खळ्यावर ठीक आहे हो आई. हा अकरावा मजला आहे."

"अगो, ह्यो खलाच हाय," त्या म्हणाल्या आणि फरशीकडे बोट दाखवलं.

ते खरंच होतं. आमची इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या घरांपैकी हे एक. राहायला आलो त्या दिवशीच त्यांनी खिडकीतून खाली वाकून सगळं लावून टाकलं होतं. विहीर पार्किंगमध्ये, बांध लिफ्टच्या पाठीमागे, आणि आर्यनची खोली बरोब्बर खळ्याच्या वर. म्हणजे खळं खाली आणि मी त्याच्या हवेत. दुपारी गादीच्या कडेने उन्हाची एक पट्टी आत यायची, तिच्यात धूळ तरंगायची, आणि मला वाटायचं हा भाताचा कोंडा आहे, तेव्हा उडाला तो अजून खाली बसायचाच आहे. गिटार मांडीवर घेऊन मी तो बघत बसायची. किती दुपारी नुसत्या बघण्यात गेल्या.

अशातच माझ्या मैत्रिणीचा, निशाचा फोन आला. निशा डोंबिवलीला शाळेत गणित शिकवते आणि अधूनमधून आपल्या इमारतीच्या गच्चीवर चटया घालून, दिवे मालवून, लोकांनी आपापल्या घरी रेकॉर्ड केलेली गाणी वाजवते. एक गळा, एक वाद्य, एवढंच हवं. आणि गाणं कुणाचं ते त्या संध्याकाळी सांगायचं नाही. नावं दुसऱ्या दिवशी ग्रुपवर.

मी त्या शेवटच्या अटीवर भाळले. माझी गाणी इंटरनेटवर टाकली की कौतुक करणारे असतात, नाही असं नाही. पण ते "कमळाबाईंची सून गाते बरं का" असं असतं, किंवा "आर्यनची मम्मी, सो क्यूट". एकदा, काळोखात, नुसता आवाज जावा. कुणाचीच कुणी नसलेल्या बाईचा. मला ते इतकं हवं होतं की कमलेशलासुद्धा सांगायची लाज वाटली.

निशाने पहिलं रेकॉर्डिंग परत पाठवलं. "सुंदर गं जागृती. पण मागे कोण आहे? एकच गळा ठरलाय ना आपला."

मग मी उद्योगाला लागले. वाल आणायचे बंद केले, तर सासूबाई लसूण सोलायला बसल्या. टीव्हीवर त्यांची मालिका लावून दिली. त्यांनी आवाज बारीक केला, "तुना तरास नको" म्हणून, आणि ओळ झेलली. देवळात पाठवलं तर देव दर्शन उरकून लवकर परत पाठवायचा. शेवटी कल्याणच्या नणंदेला मीच फोन केला आणि म्हटलं, वन्सं, यंदा तुमच्याकडे पापड करायचे नाहीत का? त्या आठवड्यात सासूबाई पोळपाट घेऊन कल्याणला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "एकली रवशील ना?" मी म्हटलं, राहीन की.

राहिले. खोलीचं दार लावलं. साड्या, गादी, माइक. पहिल्यांदाच भिंतीपलीकडे काही नव्हतं. फ्रिज तेवढा मध्येच सुस्कारा टाकायचा, त्यालाही मी बंद केलं. मी गायले. एकच गळा, एकच वाद्य, स्वच्छ.

हेडफोन लावून ऐकलं आणि बसूनच राहिले. प्रत्येक ओळीनंतर गाण्याला एक भोक होतं. श्वासाला लागते त्यापेक्षा मोठी जागा. मी ओळ टाकत होते आणि थांबत होते. किती महिने असं थांबायची सवय लागली होती ते माझं मलाच माहीत नव्हतं.

त्या जागा कापून ओळी जवळ आणल्या, तर कुणीतरी मागे लागल्यासारखी बाई गात होती. तिथे गिटार भरली, तर दवाखान्यात नंबराची वाट बघताना माणूस टेबलावर बोटं वाजवतो, तसं झालं. परत गायले. पुन्हा थांबलेच. शेवटी निशाचा मेसेज आला, "पाठवतेस ना?" आणि मी ते तसंच, भोकांसकट पाठवून दिलं.

कार्यक्रम रविवारी होता. सासूबाईंना आणायला कमलेश कल्याणला जाणारच होता, आणि डोंबिवली वाटेवरच. म्हणून त्याही गच्चीवर आल्या, पापडांचा डबा मांडीवर घेऊन.

"काय हाय इथं?"

"गाणी ऐकायची आहेत, आई. नुसती ऐकायची."

"नुसती?" त्यांना ते जरा चमत्कारिक वाटलं.

आभाळ निळ्याचं जांभळं होत होतं. चाळीसेक माणसं चटयांवर, पाण्याच्या टाकीला टेकून, कठड्याला पाठ लावून. निशाने दिवे मालवले. एका मुलाचं गाणं झालं, मग एका आजोबांचं, बाजाच्या पेटीवर. काळोखात खोकलेसुद्धा जपून येत होते. आणि मग माझी गिटार सुरू झाली. मी कुणाकडेच बघितलं नाही.

"खाडीवरून वारा आला, दार उघडं होतं..."

रिकामी जागा. कुठेतरी खाली कुकरची शिट्टी.

"कुणी आलं, कुणी गेलं, घर तेवढं होतं..."

पुन्हा तीच जागा. अख्खी गच्ची माझ्याबरोबर थांबलेली. माझ्या शेजारी डब्याचं झाकण हललं.

"घर तेवढं होतं..." सासूबाई म्हणाल्या.

माझा हात त्यांच्या तोंडाकडे गेला. खरंच गेला, आणि अर्ध्यावर राहिला, कारण गच्चीच्या पलीकडच्या कोपऱ्यातून, टाकीजवळून, दुसरी कुणी बाई म्हणाली, "घर तेवढं होतं..." म्हणजे तिलाही इतका वेळ राहवत नव्हतं. पुढच्या ओळीला चार-पाच जणी. त्याच्या पुढच्या ओळीला पुरुषही, जाड्या, लाजऱ्या आवाजात. निशा उठली होती, बहुतेक गप्प करायला. ती तशीच उभी राहिली. स्पीकरमधली बाई ओळ टाकायची, थांबायची, आणि गच्ची ती ओळ वरच्या वर उचलायची. माझी मोठमोठी भोकं गच्चीच्या मापाची निघाली. वारा सुटला होता, वाळत राहिलेली कुणाची तरी साडी काळोखात फुगत होती, आणि मला वाटलं हेच खळं आहे, अकराव्या मजल्यावरून सुटून तरंगत इथवर आलेलं. त्या सगळ्या गच्चीवर न गाणारी मी एकटीच होते.

गाणं संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग निशाने पुढचं लावलं.

घरी जाताना मी गाडीत मागे, सासूबाईंजवळ बसले. शिळफाट्याला सिग्नल लागला तेव्हा त्यांनी विचारलं, "कोन व्हती गो ती बाय?"

"कुठली?"

"ती दारावाली. तुजा गाना बोलत व्हती. तुना इचारलान तरी काय?"

समोरच्या आरशात कमलेशचे डोळे मोठे झाले. त्याने तोंड उघडलं. मी मानेनेच त्याला नाही म्हटलं.

"विचारलं हो तिने."

"मंग ठीक." त्या डब्यावर हात फिरवत राहिल्या. "गला चांगला हाय. पन एकलीच व्हती बिचारी. ओल टाकतं नि वाट बगतं, ओल टाकतं नि वाट बगतं. मना बगवला नाय."

"म्हणून तुम्ही झेललीत?"

"मंग काय, परू देव?"

सिग्नल सुटला. ट्रकांच्या दिव्यांची रांग आमच्यावरून सरकत गेली, त्यांच्या चेहऱ्यावरून, मग माझ्या हातांवरून. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. नाव न सांगता, काळोखात, कुणाचीच कुणी नसलेली मी कुणीतरी ऐकली होती. आणि तिची कीव येऊन तिला हात दिला होता.

"ऱ्हाते कुठं?" सासूबाईंनी विचारलं.

"कोलशेतलाच," मी म्हटलं.

"जवलच हाय की. मंग दुपारची ये म्हनाव तिला." त्यांनी डबा माझ्या मांडीवर सरकवला आणि डोळे मिटले. "मी घरातच आसतंय."