आईनं बांधलेली पुस्तकं

आईला जाऊन महिना झाला तरी लेकीनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. लोक काय, दोन्हीकडून बोलतात. रडली असती तर म्हणाले असते, नाटकं करते. वाचनालयाची ग्रंथपाल ती. सकाळी कुलूप काढायची, संध्याकाळी लावायची. आतून सगळी बधिर झाली होती, जेवणाची चवसुद्धा लागत नव्हती.

त्यातच वाचनालय नव्या इमारतीत हलवायचं निघालं. अध्यक्षांनी बजावलं, कसर लागलेलं एकही पुस्तक तिकडे येता कामा नये, एका किड्यापायी सगळी कपाटं जायची. बोलणं रास्तच होतं. पंचाईत एवढीच, की कसर लागली होती ती नेमकी आईनं बांधलेल्या पुस्तकांना.

आणि वाचनालय उभं राहिलं ते त्याच पुस्तकांवर. गल्लीतल्यांनी घरातली फाटकीतुटकी आणून टाकली, आईवडिलांच्या घरातल्या बाहेरच्या खोलीत फळ्या ठोकल्या, झालं सुरू. वडील देवघेव बघायचे. आई स्वयंपाक उरकला की पिठाची खळ शिजवून पुस्तकं बांधायला बसायची. रद्दीवाल्यानंही नाक मुरडलं असतं अशी पुस्तकं त्या बाईनं अख्ख्या गल्लीला वाचायला लावली. पण खळीत मोरचूद घालतात, त्या विषानं कीड लागत नाही, हे कुठल्याही बांधणीवाल्याला ठाऊक असतं. आईनं ते कधीच घातलं नाही.

लेक एकेक पुस्तक उघडायची, चाळण झालेली पानं बघायची आणि पोत्यात टाकायची. वडील शेजारी बसून पुढचं हातात देत होते. अर्धं कपाट रिकामं झालं तेव्हा तिला आईचाच राग आला.

"एवढी वर्षं बांधणी केली, साधं मोरचूद घालायचं कळलं नाही तिला?"

"कळत होतं की," वडील म्हणाले. "तू रांगत होतीस तेव्हा. खळीचं भांडं दिसलं की बोटं घालून चाटायचीस."

"आणि मी मोठी झाल्यावर?"

"मग लोकांची पोरं यायला लागली वाचायला. जिभेला बोट लावून पानं उलटणारी."

पोतं भरलं होतं. वडिलांना तोंड धरायला सांगून तिनं ते सुतळीनं घट्ट बांधलं, कारण पुस्तकं तर जायलाच हवी होती. मग ती त्या पोत्यावरच बसली. बाहेर पोती न्यायला आलेला गाडीवाला हॉर्न वाजवत होता. तिला ऐकू येत होतं, पण उठवेना.