दरवानाच्या कोटाची खोली

सुज्ञ वाचकहो, एक खोली, एक कोट आणि त्या दोहोंमुळे आमच्या घरात शिरलेली अस्वस्थता, यांची हकीकत मी येथे यथामती निवेदन करणार आहे. माझा व्यवसाय खुर्च्या मढविण्याचा व पडदे शिवण्याचा. लेखणीपेक्षा सुईच हाती अधिक राहिली, तरी घडले ते जसेच्या तसे सांगतो.

माझे सासरे एका मोठ्या हॉटेलाच्या प्रवेशद्वारी दरवान होते. निवृत्तीनंतर ते एकटेच राहत. एकदा जिन्यावरून पडले, शेजाऱ्यांनी उचलले, आणि तेव्हापासून माझ्या पत्नीच्या जिवाला घोर लागला. पुष्कळ मनधरणी केल्यावर त्यांनी निरोप धाडला, "येतो. करमलं तर राहीन, नाहीतर माझी खोली मला बरी." त्यांची ट्रंक मात्र त्यांच्या आधी येऊन पोचली.

ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, मलमलीत गुंडाळलेला गडद तांबडा कोट होता. खांद्यांवर सोनेरी गोंडे, छातीवर पितळी गुंड्या. सोबत पांढरे हातमोजे व टॅक्सी बोलावण्याची शिटी.

"बघा, किती जिवापाड जपलंय दादांनी!" पत्नी म्हणाली. "याच्यावरूनच खोली सजवा. पाऊल टाकताच आपलं वाटलं पाहिजे त्यांना."

मलाही ते पटले. त्याच रंगाचा मखमली पडदा मी खोलीच्या दारास लावला, कडेने सोनेरी गोफ शिवला. हातमोजे व शिटी काचेच्या चौकटीत बसवून भिंतीस टांगली. जुन्या आरामखुर्चीसाठी मात्र तसे जाड कापड कोठेही मिळेना. अखेरीस मी कोटासच कात्री लावली. कोटाची पाठ बैठकीस, बाह्या खुर्चीच्या हातांस, आणि गुंड्या टेकण्याच्या बाजूस, अशी योजना मी पूर्णत्वास नेली.

सासरे आले ते विटक्या, चौकड्यांच्या सदऱ्यात. पडद्यापाशी येताच थबकले. पाठ ताठ झाली. मग अदबीने पडदा बाजूस धरून म्हणाले, "चला, आधी तुम्ही."

मी आत गेलो. पत्नी आत गेली. पडदा पडला, आणि ज्यांच्यासाठी खोली सजविली ते बाहेरच राहिले!

पुढचे दिवस असेच गेले. ते खोलीत निजण्यापुरते जात, एरवी बोळातून येरझारा घालीत. घंटा वाजली की सर्वांआधी दाराशी. चहासुद्धा उभ्यानेच. त्यांची अस्वस्थता मलाही जडली. मी गोफ उसवी, पुन्हा शिवी, आणि काय चुकले ते काही केल्या उमगेना.

"तुमच्या कात्रीनं घालवलं माझ्या बापाला," पत्नी कुजबुजली.

"खोली तूच सांगितलीस ना?"

"खोली सांगितली होती. कोट फाडायला नव्हतं सांगितलं!"

एके सकाळी दाराशी त्यांची पिशवी भरलेली दिसली. पत्नीने तोंड फिरविले. मला राहवेना.

"दादा," मी म्हणालो, "तुमचा कोट मी कापला. त्या खुर्चीला लावला. रागावला असाल तर मला बोला, पण जाऊ नका."

ते लगबगीने खोलीत शिरले. वाकून गुंड्या चाचपल्या. चेहरा पांढरा पडला.

"कापला? आणि त्यांनी परत मागितला म्हणजे?"

"कोणी?"

"हॉटेलवाल्यांनी! कोट त्यांचा. निघताना कोणी मागितला नाही, म्हणून सांभाळत बसलो. कसर लागली असती तर माझ्यावर आलं असतं."

"अहो दादा, ते हॉटेल पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली!" पत्नी म्हणाली.

"झाली असेल. मला कुणी तसं कळवलं नाही."

"आम्हाला वाटलं, तुमचा जीव आहे त्या कोटात."

"जीव? अगं, पायांचं वाटोळं केलं त्यानं! तो अंगावर असताना बसायची मनाई होती. तुमचा पडदा दिसला की अजून पाय जुळतात माझे. या खोलीत मी ड्यूटीवर असतो, पोरी."

मी तत्काळ शिडी आणली. पडदा उतरविला, शिटीची चौकटही उतरविली. सासरे खुर्चीमागेच उभे होते.

"मास्तर, आता हा परत जोडता येणार नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"मीच कापलाय, दादा. याचा कोट आता ब्रह्मदेवालाही शिवता यायचा नाही."

तेव्हा ते हळूच टेकले. प्रथम कडेवर. मग मागे. स्प्रिंगा कुरकुरल्या.

"गुंडी पाठीला टोचते," ते म्हणाले.

"काढतो."

"राहू द्या. टोचू दे मेलीला."

इतक्यात घंटा वाजली. ते अर्धे उठले. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, पुन्हा मागे टेकले आणि म्हणाले, "जावईबापू, बघा जरा कोण आलंय."

मी दाराकडे धावलो. परत येतो तो पत्नी पिशवीतले कपडे खुंटीवर टांगीत होती.

"त्या चौकड्यांच्या सदऱ्याची उशी करा हो छानशी," ती म्हणाली.

"खबरदार!" खुर्चीतून आवाज आला. "कात्री लांब ठेवा. तो माझा आहे."

येथवर आपण माझे साधे बोल धीराने वाचलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपला नम्र,
खुर्च्या मढविणारे टाकेमास्तर