पूजेतलं चाक

मित्रांनो, मी एका मोठ्या गाडीचा जुना टायर आहे आणि स्वभावानं मत्सरी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. आपली कहाणी सांगणारे पुष्कळ जण स्वतःला फार सोशिक म्हणवून घेतात. मला ते जमणार नाही.

रबर, काजळी आणि पोलादी तारा एकत्र करून मला साच्यात घातलं, चांगलं उकडलं आणि इडली काढावी तसं बाहेर काढलं. पुढं बनारसला एका नव्याकोऱ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकावर मी चढलो. दहा माणसं पोटात घेणारी ती धिप्पाड गाडी होती ढुंढिराज गुरुजींची. गुरुजी दूधविनायकाच्या गल्लीत राहतात. महाराष्ट्रातून यात्रेकरू आले की त्यांना प्रयाग, काशी, गया दाखवून आणायचं, हे त्यांच्या घराण्याचं पिढ्यांचं काम. गाडी चालवायचा त्यांचा पुतण्या विश्वजीत.

आता दूधविनायकाची गल्ली म्हणजे समोरून बैल आला तर माणसानं भिंतीला चिकटून उभं राहायचं. तिथं गाडी कुठून जाणार? ती मैदागिनजवळच्या एका शेडमध्ये उभी असायची. पण खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची, अवजारांची पूजा होते, तेव्हा गाडीनं काय घोडं मारलं? गुरुजींच्या पत्नी इंदूकाकूंनी पहिल्याच वर्षी तोडगा काढला. म्हणाल्या, "गाडी घरी येत नाही तर तिचं एक चाक येऊ दे. पूजा पोचेल तिला."

ते चाक म्हणजे मी. विश्वजीत मला खोलून चौखंब्याच्या गल्ल्यांतून गडगडवत घरी न्यायचा. काकू मला धुऊन पाटावर बसवायच्या, हळदकुंकू वाहायच्या, झेंडूची माळ घालायच्या, पेढा ठेवायच्या. बाकीचे टायर तिकडं शेडमध्ये गाडीखाली उभे. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उत्तरपूजा झाली की मी माळेसकट परत जायचो आणि आठवडाभर त्यांच्याशी नीट बोलायचो नाही. असा माझा तोरा होता.

कडक उन्हात गयेचा रस्ता तुडवला, पावसाळ्यात रामनगरच्या चिखलातून गाडी काढली. "ह्या टायरावर भरोसा आहे आपला," असं विश्वजीत चारचौघांत म्हणायचा. मग एका वर्षी काही यात्रेकरूंना बद्रीनाथाला न्यायचं ठरलं. थंडीसाठी मंदिर बंद व्हायच्या आधीचे दिवस, वर बर्फ पडलेलं. आम्ही चौघंही घसरलो आणि गाडीला दर्शनाशिवाय मागं फिरावं लागलं. मी म्हणत होतो, चूक बर्फाची. विश्वजीतला ते पटलं नाही.

पुढच्या वर्षी मलदहियाच्या एका टायरवाल्यासमोर गाडी उभी राहिली, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या जागी दुसरा निवडला जाऊ लागला. बर्फाचे टायर! गुरुजींनी एक हातात घेतला आणि म्हणाले, "अरे, ही चकली आहे की टायर?" खरंच त्याच्या सगळ्या अंगभर बारीक चिरा होत्या. मला तर तो देवीच्या व्रणांनी भरलेला वाटला. शिवाय रुंदीला माझ्याहून कमी.

"एवढी अंगापिंडानं गाडी आणि पाय असे काड्यांसारखे?" गुरुजींनी विचारलं. मला बरं वाटलं.

टायरवाला म्हणाला, "पंडितजी, बर्फ में पतला ही चाहिए. चौड़ा ऊपर तैरता है, पतला बर्फ काटके नीचे की सड़क पकड़ता है. और रबर नरम है, ठंड में कड़ा नहीं होता."

"काका, रिमसकट घेऊ," विश्वजीत म्हणाला. "मतलब दरवेळी टायर उतरवायची झंझट नको. हिवाळ्यात ही चाकं चढवायची, चैत्रात जुनी. स्टेपनी धरून पाच."

पाच! मला पोट नाही, तरी पोटात दुखायला लागलं.

त्या वर्षी दसरा उशिरा आला होता आणि दसऱ्यालाच गाडी बद्रीनाथाला निघायची होती. अष्टमीला विश्वजीतनं आम्हाला उतरवलं आणि ते चार चकलीतोंडे गाडीखाली ऐटीत उभे राहिले. तेही एक वेळ मी गिळलं असतं. पण नवमीला सकाळी विश्वजीत शेडमध्ये आला, माझ्याकडं न बघता माझ्यावरून हात लांब केला आणि पाचवं नवं चाक उचलून गल्लीकडं गडगडवत नेलं. पूजेला! ज्यानं अजून काशीची धूळसुद्धा खाल्ली नव्हती, तो माझ्या पाटावर बसणार, माझी माळ घालणार! दिवसभर मी कोपऱ्यात धुमसत होतो. त्या पाचव्याला मुंग्या लागोत, त्या चौघांना खिळे टोचोत, असं जे जे सुचलं ते मी मनात म्हटलं.

दसऱ्याला पहाटे यात्रेकरू शेडपाशी जमले. साताऱ्याच्या निवृत्त शिक्षिका शरदिनीबाई, त्यांच्या दोन बहिणी आणि इतर काही. सामान चढलं आणि विश्वजीतच्या ध्यानात आलं.

"काका, स्टेपनी घरीच राहिली पूजेत. दोन मिनिटांत घेऊन येतो."

"थांब," गुरुजी म्हणाले. "दशमी लागते दुपारी. उत्तरपूजा झाल्याशिवाय पूजेतली वस्तू हलवायची नाही."

"अहो काका, पहाडात जायचंय! तिथं कोण देणार स्टेपनी?"

"तो जुना आहे ना? तो बांध. स्टेपनीपुरता चालेल. आजवर कधी फुटला तो?"

विश्वजीत पुटपुटला, "गलत होतंय हे," पण काकांपुढं त्याचं चाललं नाही. मला गाडीच्या पाठीवर बांधलं. मित्रांनो, मी किती खूश झालो म्हणून सांगू! तो नवा बसू दे पाटावर झेंडू पांघरून, प्रवासाला तर मी निघालो. फक्त ह्या चौघांतला एक पंक्चर व्हावा, एवढंच आता मागायचं राहिलं होतं.

आणि ते झालं. बद्रीनाथाच्या वाटेवर हनुमानचट्टीच्या वर ताजं बर्फ पडलं होतं. चौघं नवे ते चरचर कापत चढत होते आणि पाठीवर बसून त्यांचं कौतुक ऐकण्याची पाळी माझ्यावर आली होती. तेवढ्यात बर्फाखालचा एक धारदार दगड मागच्या डाव्याला लागला. माझीच जागा! विश्वजीतनं जॅक लावला, त्याला काढला आणि मला चढवलं. मी चौघांत उभा राहिलो आणि मनात म्हटलं, आता बघा.

पहिल्याच वळणावर मी बर्फावर गरगर फिरलो. जीव तोडून पकडायला गेलो, पण पकडायला काही सापडेना. थंडीनं माझं रबर लाकडासारखं झालं होतं. गाडीचं मागचं अंग सरकलं, दरीच्या बाजूला. आत शरदिनीबाई ओरडल्या, "अहो, गाडी चालली!" मी चाललो होतो, मित्रांनो. गाडीला मीच ओढत होतो. त्या तिघांनी बर्फात दात रोवले आणि काठाच्या अलीकडं गाडी कशीबशी थांबली. ज्यांचं वाईट चिंतलं, त्यांनी मला धरून ठेवलं होतं.

सगळे हळूहळू उतरले. विश्वजीतनं माझ्याखाली खडे टाकले, फांद्या टाकल्या. मी तसाच फिरत राहिलो.

गुरुजी गाडीत वाकले. आपल्या पिशवीतून सोवळ्याची लोकरी धाबळी काढली आणि गुडघ्यावर बसून माझ्याखाली सारू लागले.

"गुरुजी, ही तर पूजेची," शरदिनीबाई कळवळल्या.

"असू द्या बाई. माझ्या सोवळ्यापायीच तुम्ही दरीशी आलात. कुणाला काही झालं असतं तर कुठं तोंड दाखवलं असतं मी?" मग पुतण्याला म्हणाले, "विश्वजीत, घे पुढं. हळू."

त्या लोकरीत मला पकड मिळाली. मी धाबळी चुरगाळली, फाडली, चिखलात घातली आणि वर चढलो. गुरुजी ती ओढून काढत आणि पुन्हा पुढं अंथरत. असं करत चढ संपला. पुढं बर्फ काढून रस्ता मोकळा केलेला होता. बद्रीनाथाला पंक्चर काढून घेतलं आणि नव्या टायराला त्याची जागा परत मिळाली. मी पाठीवर गेलो. कुणी मला बोल लावला नाही, आणि तेच मला सोसवेना.

घरी परतल्यावर गुरुजींनी काकूंना सगळं सांगितलं म्हणे. काकूंनी ती फाटकी धाबळी धुऊन घडी घालून ठेवली.

पुढच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गुरुजी स्वतः शेडमध्ये आले. विश्वजीतकडून पाची नवी चाकं त्यांनी आधी गाडीवर चढवून घेतली, स्टेपनीसकट. स्टेपनी बांधलेली दोरी ओढून पाहिली. मग कोपऱ्यात माझ्यापाशी येऊन बसले आणि माझ्यावर हात ठेवला. म्हणाले, "तू मैदानी मुलखातला. तिकडं तुझं काम नव्हतं आणि मी तुला नेलं. आता तू घरी चल. पूजेला बैस."

तेव्हा मला कळलं. ज्या पाटासाठी मी जळत होतो, तिथं मला आता एवढ्यासाठीच बसवायचं होतं की रस्त्यावर माझी गरज नव्हती. काकूंनी माळ घातली, पेढा ठेवला. मी बसलो. दसऱ्याच्या पहाटे गुरुजी आणि विश्वजीत बद्रीनाथाला निघून गेले, आणि ते पाचही जण आत्ता कुठल्या वळणावर असतील ह्याचाच मी विचार करत राहिलो. हेवा अजून वाटतो. खोटं कशाला बोलू? पण ते नीट परत यावेत असंही वाटतं, आणि हे पूर्वी वाटत नव्हतं.

मित्रांनो, जुन्या टायराला उन्हात टाकू नका, अधूनमधून त्याची हवा बघत जा. आणि कुणाला बाजूला ठेवायची वेळ आली तर खुशाल ठेवा, पण त्याच्याकडं न बघता त्याच्यावरून हात लांब करू नका. जवळ बसून त्याला सांगा, का ते.