उशिरा आलेलं ‘आई गं’

ओकारीचा नुसता आवाज कानावर आला तरी नाजूकराव स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचा आणि नळ मोठा सोडायचा. वृद्धाश्रमातल्या आचाऱ्याने असं वागून कसं चालेल, असं कुणी म्हणेल. पण तो म्हणायचा, मी चुलीपाशी आहे तो त्यासाठीच. पलीकडच्या खोल्यांतली भांडी आणि इथली भांडी यांची ओळखही होता कामा नये.

नाजूकराव हे नाव सिस्टरने ठेवलेलं. माणूस काही नाजूक नव्हता. चाळिशी उलटलेला, दाराएवढा रुंद, वीस लिटरचं पातेलं चुलीवरून डाव्या हाताने उतरवणारा गडी. पण जेवताना शेजारी कुणी खाकरलं की याचा घास तोंडातच राहायचा. दुसऱ्याच्या केसाने, नखाने, शेंबडाने त्याला शहारे यायचे, आणि स्वतःच्या ओकारीची तर अशी धास्ती, की पोटात जरा कुठे डुचमळलं तर हा दोन दिवस कोरड्या पावावर काढायचा.

चार नंबरच्या खोलीत त्याची मावशी राहायची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. लहानपणी त्याला बस लागायची. एकदा भर गर्दीत त्याला उमळून आलं, पिशवी सापडेना, तेव्हा मावशीने सरळ दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली होती. लोक नाकाला रुमाल लावून सरकले. मावशीने पुढच्या थांब्यापर्यंत ती ओंजळ तशीच धरून ठेवली, तोंड वाकडं न करता, आणि वर त्यालाच विचारलं, “आता बरं वाटतंय ना रे?” ते आठवलं की अजूनही त्याला मावशीची माया आणि त्या ओंजळीची शिसारी दोन्ही एकदमच यायच्या.

गेल्या हिवाळ्यात छातीच्या आजाराच्या साथीत मावशीला पंधरा दिवस ऑक्सिजनच्या नळीवर ठेवलं होतं. यंदा साथ पुन्हा येणार म्हणून लस आली, आणि व्यवस्थापकबाईंनी हुकूम काढला, बारा म्हातारे आणि पाच नोकरमाणसं, सगळ्यांना एकाच दुपारी टोचून घ्यायचं.

“निम्म्यांना आज, निम्म्यांना पुढच्या आठवड्यात देऊ या,” सिस्टर म्हणाली. “सगळे एकदम पडले तर?”

“काही पडत नाही कुणी. एकदाचं उरकून टाकू.”

बाईंना सगळंच एकदाचं उरकायचं असायचं. असली माणसं उरकतात आणि निस्तरतात दुसरे.

नाजूकरावाच्या शेजाऱ्याने आदल्या महिन्यात लस घेतली होती आणि त्या रात्रीचं साग्रसंगीत वर्णन, रंगासकट, जिन्यात उभं राहून ऐकवलं होतं. तेव्हापासून याने धसका घेतला होता. तो रांगेत उभा राहिला, पुढे दोन माणसं उरली तेव्हा “सूप करपतंय” म्हणत आत पळाला, आणि प्रथमोपचाराच्या डब्यातली चिकटपट्टी डाव्या दंडावर लावून मागच्या दाराने बाहेर आला. टोचत होती ती आरोग्य केंद्रातून आलेली नर्स; यादी सांभाळणाऱ्या सिस्टरने नुसती पट्टी बघितली आणि त्याच्या नावापुढे खूण केली. इतकं सोपं होतं ते.

मावशी मात्र हटून बसली होती. “मला नको ती सुई. आहे ते बरं आहे.”

याला खरोखरच काळजी वाटली. त्या नळीचा आवाज तो विसरला नव्हता. त्याने बाही वर केली. “हे बघ, मी घेतली. मुंगी चावल्यासारखं होतं. मला काही झालंय का?”

मावशीने चष्मा सावरून पट्टी बघितली. “तू? तुझ्यासारख्या भित्र्याने घेतली? मग द्या बाई मलापण.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो कामावर आला तेव्हा इमारतीत सगळीकडून कण्हण्याचे आवाज येत होते. दोन्ही मदतनिसांनी अंगात ताप आहे म्हणून घरूनच कळवलं होतं. व्यवस्थापकबाई आपल्या खोलीत डोक्यावर उशी घेऊन पडल्या होत्या. बहुतेक म्हाताऱ्यांची नुसती कणकण होती, पण चौघांच्या पोटात काही ठरत नव्हतं. आणि सिस्टर अंगाभोवती दोन पांघरुणं लपेटून खुर्चीत कुडकुडत बसली होती.

“आरोग्य केंद्रातून दुसऱ्या सिस्टर संध्याकाळी येतील. तोवर तुम्हीच,” ती दात वाजवत म्हणाली. “घाबरू नका, हे एक-दोन दिवसांत उतरतं. ज्याला उलटी होईल त्याला घोट घोट पाणी. डाव्या दंडाला कुणाच्या हात लावू नका, ठणकतोय सगळ्यांचा. तुम्हाला काहीच नाही झालं? लोखंडाचे आहात बुवा!”

नाजूकराव हसला. हसताना त्याला स्वतःचा रागच आला, पण तो राग टिकला नाही, कारण तेवढ्यात सात नंबरमधून तो आवाज आला. नळ सोडून चालणार नव्हतं.

त्या दिवसाचं काय सांगावं! नाजूकराव एका खोलीतून तसराळं रिकामं करून निघायचा तो दुसऱ्या खोलीत पाय घसरायचा. सात नंबरच्या आजोबांनी उशीवर ओकारी केली आणि ती उशी उलटी करून त्यावरच झोपले. नऊ नंबरच्या आजीने कवळीसकट तसराळ्यात टाकलं, आणि “माझे दात, माझे दात” म्हणून रडायला लागली. दात कुणी काढायचे? नाजूकरावाने डोळे मिटून बोटं घातली. ऊबदार, बुळबुळीत, आणि मधे ती टणक दातांची हिरडी हाताला लागली. त्याला वाटलं, आता आपलीच आतडी तोंडावाटे येणार. त्याने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, मग पुन्हा धुतले, आणि तेच हात घेऊन बटाटे सोलायला बसला. बटाटासुद्धा कवळीसारखा लागायला लागला.

सगळ्यांत जास्त चीड आणली ती कौतुकाने. “वा, नाजूकराव! एकटा खिंड लढवतोय.” कुणी दंड धरून कण्हत म्हणायचं, “यालाही टोचलीय, पण बघा कसा उभा आहे.” तो मान खाली घालून फरशी पुसत राहिला.

दुपारी मावशीचा ताप चढला. चौघांत तिचंच जास्त होतं. तिने पलंगावर केली, मग उतरून फरशीवर, आणि आता पोटात काही उरलं नव्हतं तरी नुसते उमासे येत होते. हिरवट पाणी तिच्या हनुवटीवरून गळ्यात उतरलं होतं. खोलीतला आंबूस वास त्याच्या जिभेवर येऊन बसला. त्याने तोंडाने श्वास घेतला, तर चवच लागली.

“तुलाही असंच होतंय का रे?” तिने विचारलं.

“थोडं थोडं.”

“मग बस ना जरा. किती करशील?” आणि असं म्हणता म्हणताच तिला पुढचा उमासा आला.

ती पडेल म्हणून त्याने तिला धरलं. तिने आधारासाठी हात टाकला तो नेमका त्याच्या डाव्या दंडावर, पट्टीवरच, आणि उमासा ओसरेपर्यंत बोटं रुतवून घट्ट धरून ठेवला. तो दुसऱ्या हाताने तसराळं सावरण्यात गुंतलेला. झाल्यावर मावशीने मान वर केली. आधी त्याच्याकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे. मग तिने अंगठा त्या पट्टीवर ठेवला आणि जोर लावून दाबला.

नाजूकरावाच्या लक्षात यायला वेळ लागला. “आई गं!” तो म्हणाला.

 मावशीच्या स्वतःच्या दंडाला चादर लागली तरी सकाळपासून ती कळवळत होती. तिने नखाने त्या पट्टीचं टोक उचकटलं, ती सोलून काढली आणि पांघरुणावर ठेवली.

“तुझं ‘आई गं’ फार उशिरा आलं रे,” ती म्हणाली.

“मावशी, तुझ्या भल्यासाठीच...”

“माझं भलंच झालं. मी घेतली ते बरंच केलं, त्याबद्दल माझं काही नाही.” ती धापा टाकत थांबली. “पण तू इथे रोज बारा ताटांवर वाकून वाढतोस. ती साथ उद्या तूच घेऊन आलास तर? सात नंबरवाल्याची छाती माझ्याहून वाईट आहे. आणि मला फसवलंस. मला!”

त्याने पाण्याचा पेला पुढे केला. मावशीने पेल्याकडे बघितलं आणि तिच्या तोंडावर ते उमटलं. वरचा ओठ दुमडला, नाकपुड्या आवळल्या. तो भाव नाजूकराव ओळखत होता, आयुष्यभर आरशात बघत आला होता. मावशीच्या तोंडावर मात्र त्याने तो कधी पाहिला नव्हता, त्या बसमध्येसुद्धा नाही.

“ठेव तिकडे. मी घेईन माझी.”

“गाऊन तरी बदलतो, सगळा भरलाय.”

“भरू दे. दुसरी सिस्टर येईल तेव्हा बदलेल. तू हात लावू नकोस.”

आणि ती संध्याकाळपर्यंत त्या ओल्या, आंबलेल्या गाऊनमध्ये भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तो दाराबाहेर बसला होता. दिवसभर ज्या वासापासून तो पळत होता तो आता त्याच्या कपड्यांना, केसांना, सगळीकडे होता, आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. वाटत होतं ते त्या पट्टीचं. खिशात घातली होती त्याने ती, आणि बोटांना पुन्हा पुन्हा लागत होती, चिकट.

दिवेलागणीच्या आत त्याने सिस्टरला सगळं सांगून टाकलं. सिस्टर ओरडली नाही. तिने पांघरूण आणखी गुंडाळून घेतलं, खुर्ची थोडी मागे सरकवली आणि यादी मागितली. त्याच्या नावापुढची खूण तिने इतक्या जोरात खोडली की कागद फाटला.

“आज तुम्ही सगळ्यांचं केलंत ते केलंत. उद्या सकाळी आरोग्य केंद्रावर जाऊन टोचून या. आणि आल्यावर पंधरा दिवस मास्कशिवाय त्या स्वयंपाकघरात दिसू नका.”

तो गेला. सुई खरंच मुंगी चावल्यासारखी होती, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं.

त्या रात्री तो घरी न जाता स्वयंपाकघरामागच्या खोलीतच झोपला, आणि दुसऱ्या पहाटे हुडहुडी भरून जागा झाला. दंडात ठणका, डोक्यात घण, आणि पोटातून वर वर काहीतरी चढत आलेलं. ज्याला तो आयुष्यभर भ्यायला तेच.  त्याने घशातल्या घशात हाक मारली, कुणाला ते त्यालाही माहीत नव्हतं.

दार ढकलून मावशी आली. काठी टेकत, धुतलेल्या गाऊनमध्ये, अजून पांढरीफटक, पण उभी. काखेत तसराळं; त्याने टोचून घेतल्याचं तिला सिस्टरकडून कळलं असावं. त्याच्या पलंगाच्या कडेला ती बसली, तसराळं त्याच्या हनुवटीखाली धरलं, आणि नाजूकरावाचं जे व्हायचं ते झालं. थोडं तिच्या बोटांवर उडालं. तिने हात मागे घेतला नाही. मात्र तोंड तिने खिडकीकडे फिरवलेलं होतं, आणि तो दुमडलेला ओठ तसाच होता.

“मावशी, जा तू,” तो तोंड पुसत म्हणाला. “घाण वाटत असेल.”

“या ओकारीची?” तिने तसराळ्याकडे बघितलं. “हिची कसली घाण?”

त्याच्याकडे न बघता तिने तसराळं पुन्हा नीट धरलं.