ताईने निवडलेली सुई

माझी नजर किती उरली आहे ते आधी सांगते. टीव्हीसमोर बसले की बातम्या देणाऱ्या बाईचं नाक दिसतं, फार तर एक डोळा. बाकीची बाई मला अंदाजाने जोडून घ्यावी लागते. संध्याकाळी सातनंतर तीही नाही. आजार डोळ्याच्या पडद्याचा, जन्माबरोबर आलेला, आणि कडेकडेने आत सरकत येणारा. आणखी दोन-चार वर्षांत ते नाकही जाईल.

त्यामुळे अंधेरीच्या हॉस्पिटलातून इरावती नावाच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी कॉल सेंटरमधल्या खुर्चीत अक्षरशः उडी मारली. "जीन थेरपीचा नवा अभ्यास सुरू होतोय. जुन्या यादीत तुमचं नाव आहे. या ना बुधवारी." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घाटकोपरहून मेट्रोने एकटीच गेले. पप्पांना सांगितलं नाही, ताईला तर मुळीच नाही. म्हटलं, नक्की झालं की मुलुंडला तिच्या घरी जाऊन तोंडावर सांगू. तिला माझ्यापेक्षा जास्त आनंद होईल, अशी माझी भाबडी समजूत होती.

कारण आई गेल्यापासून माझं सगळं सपनाताईनेच केलं होतं. तीन वर्षांपूर्वी याच हॉस्पिटलात मला याच थेरपीची इंजेक्शनं दिली, आधी एका डोळ्यात, मग आठवड्याच्या आत दुसऱ्यात. काडीचा फरक पडला नाही. ताई तेव्हा इतकी रडली, की मलाच तिची समजूत घालावी लागली.

ही थेरपी म्हणजे काय, तर माझ्या पडद्यात जे जनुक बिघडलेलं आहे, ते चांगलं करून एका माणसाळवलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवायचं आणि डोळ्यात पाठवायचं. पाठवायच्या तेव्हा दोन वाटा होत्या. एक ऑपरेशनची. सर्जन थेंबभर औषध नेमकं पडद्याच्या खाली नेऊन ठेवतो. मग उताणं पडून राहायचं, डोळ्यावर जाळीचं झाकण, स्टेरॉइडच्या गोळ्या आणि भटुऱ्यासारखं फुगलेलं तोंड. दुसरी वाट सुईची. डोळ्याच्या मधल्या जेलीत टोचलं की संध्याकाळी घरी. पण जेलीतून पडद्याच्या आतल्या थरापर्यंत औषधाला आपलं आपण जावं लागतं, आणि बहुतेकदा ते पोचतच नाही.

हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा मी अंधाऱ्या खोलीत मशीनसमोर बसून ठिपका दिसला की बटण दाबत होते, आणि डॉक्टरांशी ताई बोलत होती. घरी येताना तिने सांगितलं, "तुझा पडदा पातळ आहे. ऑपरेशन केलं तर फाटेल. तुला इंजेक्शनच म्हणालेत." बावीस पानांचा फॉर्मही तिनेच वाचून दाखवला. तेवढी बारीक अक्षरं माझ्या डोळ्यांनी केव्हाच सोडून दिली होती.

इरावतीने फाइल उघडली. "इंजेक्शन घेतलंय तुम्ही? अरे देवा. माझ्याकडे 'ऑपरेशनसाठी योग्य' अशी यादी होती, त्यात तुम्ही सातव्या. म्हणून फोन केला."

"मी? माझा पडदा तर पातळ आहे ना?"

"छे हो. जाडी एकदम व्यवस्थित लिहिलीय." तिने पान उलटलं. "इथे नोंद आहे. 'ऑपरेशनचा सल्ला दिला. रुग्णाचा नकार, बहिणीने कळवला. कारण, घरात लग्न आहे.'"

मी म्हटलं, चूक असेल. अशा अभ्यासात संमतीचा व्हिडिओ काढतात, तो तिने लावला. डॉक्टर विचारत होते, "ऑपरेशन नको, नक्की ना?" आणि माझाच आवाज खिदळत म्हणाला, "नको डॉक्टर. ताईने सगळं नीट वाचलंय. ती म्हणेल तसं." मला तेव्हा वाटलं होतं, ऑपरेशन झेपणार नाही हे मला कळलंय ना, एवढंच डॉक्टर विचारतायत.

"मग आता करा ऑपरेशन," मी म्हणाले.

"नाही करता येणार. शरीराने तो विषाणू एकदा ओळखला, की पुन्हा आत आल्यावर त्याच्या अंगावर धावून जातं. म्हणून एकदा कुठल्याही वाटेने थेरपी घेतली, की पुन्हा कुठल्याच अभ्यासात घेत नाहीत. सॉरी, मॅडम."

"ज्यांनी ऑपरेशन केलं, त्यांचं काय झालं?"

तिला सांगायचं नव्हतं. मी हटून बसले तेव्हा म्हणाली, "सहापैकी चौघांना फरक पडला. रात्रीचं रस्त्यावर एकटे फिरतात."

मुलुंडपर्यंत मी रिक्षा केली. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, ते आजवर मी फक्त पुढाऱ्यांबद्दल ऐकलं होतं. वाटेत शिव्यांची अख्खी उजळणी केली.

ताई मेथी निवडत बसली होती. "अगं, आज इकडे कशी? ऑफिस नाही?"

"ताई, माझा पडदा पातळ होता का गं?"

कुठला पडदा, असं तिने विचारलं नाही. "हळू बोल," ती म्हणाली. "मम्मी आत आहेत." मम्मी म्हणजे तिची सासू.

"खोटं का बोललीस?"

"चेतू, माझं लग्न पंधरा दिवसांवर होतं. तू डोळ्याला झाकण लावून, तोंड सुजवून घरात पडली असतीस. ह्यांच्याकडचे विचारणारच ना? आणि मम्मी नर्स. घरातून चालत आलेला आजार म्हटल्यावर कोण करतं मुलगी? मला वाटलं, औषध तर तेच आहे. आत जायची वाट वेगळी, इतकंच."

"इतकंच नाही, हे डॉक्टरांनी तुला सांगितलं नव्हतं?"

ती मेथीची काडी मोडत राहिली. "सांगितलं होतं," ती म्हणाली.

मग मात्र मी ओरडले. माझा केसाने गळा कापलास, म्हणाले. मी तुझ्यावर आंधळा विश्वास टाकला आणि तू मला खरंच आंधळी करून ठेवलीस, म्हणाले. मला तिचं फक्त तोंड दिसत होतं, आणि त्या तोंडाचाच मला सगळ्यात जास्त राग येत होता.

तिची सासू, माधुरीमावशी, बाहेर आली. "काय झालं?"

"काही नाही, मम्मी. आमचं असंच."

"असंच नाही," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. आजार, फॉर्म, लग्न, सगळं. ताईने मध्ये दोनदा "चेतू, प्लीज" म्हटलं. मी थांबले नाही. मोडू दे हिचं घर, असंच तेव्हा माझ्या मनात होतं, खोटं कशाला सांगू.

मावशी माझ्या शेजारी येऊन बसली. "तुझ्या डोळ्यांचं मला माहीत होतं," ती म्हणाली. "सपनाला बघायला आलो, त्या दिवशीच. मी बाजूने पेढे पुढे केले आणि तू समोर बघून हसत राहिलीस. तीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. जाताना आमच्या विशालला सांगितलं, धाकटीला पडद्याचा आजार आहे, घरातला असणार. तो म्हणाला, मग काय झालं? मी म्हटलं, काही नाही. मुलगी चांगली आहे."

"मम्मी, तुम्ही बोलला नाहीत कधी?" ताईने विचारलं.

"तुम्ही झाकत होतात. मी कशाला उघडं पाडू?" मग ती ताईकडे वळली. "एक शब्द विचारायचास गं, सपना. लग्न महिनाभर पुढे ढकललं असतं. हॉलवाला आपल्या ओळखीचा होता."

ताईने माझा हात धरला आणि त्यावर कपाळ टेकून रडायला लागली. रिक्षात मी जमवलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. सासू वाईट निघाली असती तर बरं झालं असतं. माझे डोळे गेले, पण तिचा संसार उभा राहिला, असं म्हणून दहा वर्षांनी का होईना, मी तिला माफ केलं असतं. आता तेवढंही हातात राहिलं नव्हतं. माझे डोळे फुकट गेले होते.

मी हात सोडवून घेतला आणि मावशीला म्हणाले, "मला रिक्षात बसवून द्याल का?"

ताई डोळे पुसत उठली, चपला शोधायला लागली.

"तू नको," मी म्हणाले.