कापलेली जाळी

बायको जाऊन पाच महिने झाले, तरी मास्तरांच्या डोळ्यांतून टिपूस आला नव्हता. ते खरे मास्तर नव्हतेच. ओतकामाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं त्यांनी माल तपासला. नापास मालावर लाल खडूची फुली मारण्याचा त्यांचा थाट बघून कामगारांनी हे नाव पाडलं, ते चिकटलंच. निवृत्त झाल्यावर त्यांना वेगळाच नाद लागला: कोळशाच्या शेगड्यांवरच्या जुन्या जाळ्या गोळा करायच्या, कुठली कधीची ते ओळखायचं आणि गंज काढून पुन्हा वापरात आणायच्या. नादाचा व्यवसाय झाला तो बायकोमुळे. मास्तर जाळीशी बोलत, गिऱ्हाइकाशी ती बोले.

आता ते एकटेच नऊला घरापुढची शेड उघडत आणि एकला जेवत. संध्याकाळी मुलगी फोनवर जेवणाचं विचारी, तेव्हा काय खाल्लं ते त्यांना आठवत नसे. दुखत काहीच नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल असतो, पण आपला वाटत नाही, तसं सगळं झालं होतं.

एका सकाळी बसचालकाच्या गणवेशातली चाळिशीची बाई आली. काखेत टॉवेलात गुंडाळलेली जाळी. तिचे वडील, अण्णा, जाऊन येत्या रविवारी वर्ष होणार होतं. चौघं भावंडं जमून अण्णांच्याच शेगडीवर मासे भाजणार होती. जाळी तेवढी गंजली होती. ती किती जुनी आहे ते सांगा आणि होती तशी करून द्या, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मास्तरांनी जाळी तोलली. हलकी होती. टिचकी मारली तर पोकळ, पत्र्यासारखा आवाज. तीन कडा कारखान्यात वळवलेल्या, चौथी करवतीनं कापलेली. गंज पोहोचला नव्हता तिथे पिवळट पांढरी झाक होती. पूर्वी अशा वेळी ते आत जाऊन बायकोला सांगत आणि ती चहा घेऊन बाहेर येई.

"ही शेगडीची जाळी नव्हेच," ते म्हणाले. "जुन्या फ्रीजमधला कप्पा आहे. कापून बसवलाय."

बाई हसली. अण्णांनीच कापला असणार, ते काही म्हणून टाकून देत नसत, असं ती कौतुकानं सांगू लागली.

"मी हा साफ करणार नाही. असल्या कप्प्यांवर कॅडमियमचा मुलामा असायचा. तापला की विषारी. यावर भाजलेलं खाऊ नये."

बाईचं हसू विरलं. पंधरा वर्षं आम्ही यावरचं खाल्लंय, असं ती हळूच म्हणाली. मग कप्प्याकडे बघत, "काका, अण्णा किडनीनं गेले."

"कॅडमियम किडनीतच साठतं," मास्तर म्हणाले.

फुली मारावी तसं ते बोलून गेले. बाईनं नुसता टॉवेल उचलला आणि ती निघून गेली. कप्पा टेबलावरच राहिला.

संध्याकाळी त्यांनी हे मुलीला हवापाणी सांगावं तसं सांगितलं. तिनं विचारलं, त्यानंच तिचे वडील गेले हे नक्की का? मास्तर म्हणाले, छे, ते कसं कळणार. काही कप्प्यांवर जस्त असतं, काहींवर निकेल. शिवाय भाजायचे किती वेळा, तेही माहीत नाही.

"मग हे त्या बाईंना सांगितलंत?"

"नाही. हे बोलणं तुझ्या आईचं काम."

"बाबा, आता ते तुम्हालाच करावं लागणार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कप्प्याचं माप घेतलं आणि पुन्हा कुणी त्यावर भाजू नये म्हणून तो तोडून फेकून दिला. मग फळीवरच्या जाळ्या उतरवल्या. मापाला जवळची एक बिडाची सापडली. तिच्या कडेला, साच्यात वितळलेलं लोखंड ओततात तिथलं टोक तोडल्याची खरखरीत खूण होती, म्हणजे ओतीव आणि चांगलीच जुनी. टांगून ठोकली तर खणखणीत वाजली. कुठे तडा नव्हता. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात दोन दिवस ठेवून त्यांनी जळकी चरबी काढली, व्हिनेगरनं गंज उतरवला, धुतल्याबरोबर आचेवर कोरडी केली. तेलाचा हात फिरवून, लावलंच नाही असं वाटेपर्यंत पुसली आणि ओव्हनमध्ये पालथी भाजली. असं चार वेळा. सूतभर जास्त होती ती कड आधीच कानशीनं घासली होती. हात काम करत होते, आणि मास्तर दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे त्यांच्याकडे बघत होते.

शुक्रवारी ते बस डेपोत जाऊन बाकावर बसले. तिसऱ्या बसमधून बाई उतरली. त्यांना बघून ती थबकली. मास्तरांनी जाळी पुढे केली.

"ही बिडाची आहे, तपासलेली. आणि त्या दिवशी मी अर्धंच बोललो. तुमच्या कप्प्यावर कॅडमियमच होतं हे मी छातीठोक सांगू शकत नाही. असलं तरी त्यानंच अण्णा गेले, असं डॉक्टरही सांगणार नाहीत. अण्णांना हे ठाऊक नव्हतं. सहसा कुणालाच नसतं."

बाईनं जाळी दोन्ही हातांत धरली. भावंडांना अजून बोलले नाही, ती म्हणाली. "सांगू का काका?"

मास्तरांनी खरंच विचार केला. "मला नाही कळत. माझ्या बायकोला कळलं असतं. ती पाच महिन्यांपूर्वी गेली."

परक्या माणसापाशी हे शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारले होते. आत काही हलतंय का म्हणून ते थांबले. काही हललं नाही.

बाईनं त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, चला, पुढची फेरी तुमच्याच बाजूची आहे. मास्तर तिच्या मागच्या सीटवर बसले. दोन थांबे गेल्यावर तिनं आरशातून विचारलं, हिला साबण चालतो का? मास्तर सांगू लागले: थोडा चालतो, भिजत मात्र ठेवायची नाही, पुसून तेल लावायचं, पहिल्यांदा मासे चिकटतील, तर घाबरायचं नाही. बाई मधूनमधून विचारत होती आणि ते उत्तरं देत होते. त्यांचा थांबा आला. हलकं वगैरे काही वाटलं नव्हतं. ते जपून पायऱ्या उतरले, बस वळेपर्यंत उभे राहिले आणि घराकडे चालू लागले.